पाच : सुगंधाची खरी-खोटी साक्ष

मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या लोहमार्गावर ठाणें आणि डोंबिवली ह्यांच्या दरम्यान दिवा हें स्थानक लागतें. वसईकडे आणि पनवेलवरून कोंकणाकडे जाणारे फांटे येथें फुटतात. म्हणून बहुतेक प्रवाशांना दिव्याची ओळख आहे ती गाडी बदलण्याचें ठिकाण एवढीच. परंतु ह्या गांवाजवळून उल्हास नदीची जी खाडी वाहते तिची कीर्ति लोहमार्गाहून पुष्कळ जुनी आहे. खाडीच्या वरच्या अंगास कल्याण व खालच्या अंगास ठाणें, अशीं दोन नामांकित बंदरें ह्या पाण्यावर होतीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानें लिहून ठेवलेल्या सागरवृत्तांतांत कल्याणचा उल्लेख आहे. इ. स. ११५४ मध्यें पुरा झालेल्या अल्-इद्रिसीच्या भूगोलग्रंथांत ठाण्याच्या परिसरांतील वेळूंपासून काढलेलें वंशलोचन परमुलखीं जात असल्याचें सांगितलें आहे. आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ह्या व्हेनिसच्या प्रवाशानें ठाण्याच्या राज्याविषयीं लिहितांना, येथें मिरीं पिकत नाहींत, पण धूप विपुल मिळतो आणि तो पांढरा नसून तपकिरी असतो, अशी बारीक नोंद केली आहे. दिव्याच्या आसपासचा मुलूख सुगंधी मालासाठीं परक्यांच्या कानीं गेला, त्याला निदान सातशें वर्षें होऊन गेलीं.

आज ह्याच मुलखांतील बाजारपेठांत एक लहानशी काळसर बाटली विकावयास असते. तीवर परदेशी वळणाचें ‘पॅचुली’ हें नांव असतें, आणि त्याखालीं गुणांची लांबलचक यादी : झोंप लागते, उदासी जाते, केस गळावयाचे थांबतात, कातडी नितळ होते. बाटली घेणाऱ्या गृहिणीस सहसा ठाऊक नसतें कीं, ह्या तेलाच्या कुळांतली वनस्पति तिच्या आजीच्या वेणींत दवण्या-मरव्याबरोबर गुंफलेली असे, आणि तिचें नांव साधें दोन अक्षरी आहे : पाच. घरच्या कुंडींतली पाच परदेशीं कशी गेली, तेल होऊन बाटलींत कशी शिरली, आणि तिच्या नांवावर जे गुण सांगितले जातात त्यांतले खरे किती, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु त्यांत बोधहि आहे. सुगंध हा मोठा बोलका साक्षीदार असतो. पण तो नेहमीं खरेंच बोलतो असें मात्र नाहीं.

पाच ही तुळस, मरवा, पुदिना ह्यांच्या कुळांतली. रोप दोन-तीन फूट उंच, देंठ चौकोनी, पानें रुंद, किंचित् लवदार आणि कडेला दांतेरी. तिच्या गणांतल्या वनस्पति आपल्या सह्याद्रींतहि आहेत. पावसाळ्यानंतर घाटांत दिसणारी पांगळी अथवा फांगळा ही त्यांपैकींच एक. दक्षिण हिंदुस्थानांत व सिंहलद्वीपांत वाढणारी देशी पाच निराळी, आणि ज्या पाचेचें तेल जगाच्या बाजारांत चालतें ती फिलिपाईन्सकडील बेटांतली निराळी. परंतु दोघी सख्ख्या बहिणी आहेत. ‘पॅचुली’ ह्या नांवाचा उगम तामीळ भाषेंत दाखवितात : ‘पच्चै’ म्हणजे हिरवें आणि ‘इलै’ म्हणजे पान. मराठींत पाच ह्या शब्दानें हिरवें रत्नहि ओळखलें जातें, हें येथें ध्यानांत येईल. व्यापारी पाचेचा एक विशेष असा कीं, ताज्या पानाला वास बेताचाच येतो. पान सावलींत वाळलें, थोडें मुरलें, म्हणजे त्याचा ओल्या मातीसारखा, जुन्या लांकडासारखा गंभीर वास उठतो आणि मग महिनेच्या महिने टिकतो. ह्या टिकाऊपणांतच तिचें सारें भाग्य सांठविलेलें होतें.

लोंकरीच्या कपड्याला कसरीचें भय असतें. आपल्या घरांतून ट्रंकेंत वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा पाला टाकण्याची चाल आहे ती ह्याचसाठीं. हिंदुस्थानांतून परदेशीं जाणाऱ्या काश्मिरी शालींच्या घड्यांतून पाचेचीं वाळलेलीं पानें घालीत, तेंहि ह्याच कारणानें. लडाखकडील शेळ्यांच्या मऊ लोंकरीची ती शाल. तिच्या एका नगाला कित्येक विणकरांचे महिन्यांमागून महिने लागत. इ. स. १७९८ च्या नेपोलियनच्या मिसर देशावरील स्वारीनंतर अशा शाली फ्रान्समध्यें पोहोंचल्या, सम्राज्ञी जोझेफिन हिनें त्या अंगावर घेतल्या, आणि पाहतां पाहतां सगळ्या युरोपांतील श्रीमंत स्त्रियांना त्यांचें वेड लागलें. आपल्याकडे दरबारांत शालजोडी मिळणें हा जसा मानाचा कळस, तशीच तेथेंहि काश्मिरी शाल ही घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण होऊन बसली.

एवढी किंमत आली कीं नक्कल आलीच. फ्रान्समध्यें आणि स्कॉटलंडांतील पेझली गांवीं तशाच शाली निघूं लागल्या. नक्षी हुबेहूब, रंग हुबेहूब. पण गिऱ्हाईक चतुर. तें शाल नाकाशीं नेई. खऱ्या शालीला तो गूढ वास असे, नकलेला नसे. सेप्टिमस पीस ह्या लंडनच्या सुगंधकारानें इ. स. १८५५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ही हकीगत नोंदली आहे. तो सांगतो कीं, फ्रेंच कारखानदारांना हा वास कशाचा हें कांहीं काळ उमगेना. अखेर गुपित फुटलें, त्यांनीं तीं पानें मागविलीं, आपल्या शालींना त्यांचा वास दिला आणि घरच्या मालाला हिंदुस्थानी म्हणून खपविण्यास प्रारंभ केला. शालजोडींतून दिलेला मार म्हणतात तो हा! जी पानें शालीच्या रक्षणासाठीं घातलीं, त्यांनींच तिच्या तोतयाला प्रमाणपत्र दिलें.

ह्या फसवणुकीची झळ कोणास लागली? पॅरिसच्या श्रीमंत स्त्रीचे फार तर कांहीं पैसे बुडाले. खरा भार पडला तो श्रीनगरच्या विणकरावर. तो आधींच करांनीं पिळला गेला होता, इ. स. १८६५ च्या एप्रिलमध्यें शालबाफांनीं करांविरुद्ध गाऱ्हाणें मांडण्यासाठीं निदर्शनें केलीं, तेव्हां लष्कराशीं झालेल्या झटापटींत कित्येक जण प्राणांस मुकले. पुढें इ. स. १८७० च्या फ्रान्स-जर्मनी युद्धानंतर शालीची हौसच ओसरली, आणि १८७७ ते १८७९ च्या दुष्काळानें काश्मीरांत उरलेल्या विणकरांचीहि दैना केली. शालीच्या धंद्याचा ऱ्हास एकट्या नकलेनें झाला असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. कर, युद्ध, दुष्काळ आणि बदललेली हौस ह्या सर्वांचे हात त्यांत होते. परंतु खऱ्या कारागिराच्या मालाची ओळख पुसण्याचें काम नकलेनें केलें, आणि तें सुगंधाच्या साक्षीवर केलें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

शाल मागें पडली, पण पाच युरोपांत राहिली. इ. स. १८४४ च्या सुमारास तिचीं पानें लंडनच्या बाजारांत उघडपणें आलीं. वनस्पतिशास्त्रज्ञहि जागे झाले. फिलिपाईन्समधील ब्लांको नांवाच्या धर्मोपदेशकानें १८३७ सालीं ह्या रोपाचें वर्णन पुदिन्याचा एक प्रकार म्हणून केलेंच होतें. १८४५ मध्यें पेल्तिए ह्या फ्रेंच गृहस्थानें तिला तिच्याच व्यापारी नांवानें शास्त्रांत दाखल केलें, आणि १८४८ मध्यें बेंथम ह्या इंग्रज पंडितानें ब्लांकोचें रोप योग्य गणांत नेऊन बसविलें. पेनांग आणि सिंगापूर येथें पानांची लागवड व तेलाच्या भट्ट्या सुरू झाल्या. विसाव्या शतकांत हा धंदा सुमात्रा बेटाच्या उत्तरेकडील आचे प्रांतांत जाऊन भरभराटला, आणि आज जगाला लागणारें बहुतेक तेल इंडोनेशियाच पुरवितो. तेथें ह्या रोपाला ‘नीलम’ म्हणतात.

सुगंधाच्या खोट्या साक्षीचा हा प्रकार फक्त परक्यांनीं केला असें समजून महाराष्ट्रानें संतोष मानूं नये. आपल्या खानदेशांत आणि त्याला लागून असलेल्या निमाड प्रांतांत रोशा नांवाचें गवत होतें. कित्येक ठिकाणीं त्याला तिखाडी म्हणतात. डोंगरउतारावरील हें गवत फुलोऱ्यावर आलें म्हणजे कापून, ओढ्याकाठीं भट्ट्या लावून, त्याचें तेल काढीत. त्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. एकोणिसाव्या शतकांत हें तेल मुंबई बंदरांतून तांबड्या समुद्राच्या वाटेनें तुर्कस्थानांत जाई. रेल्वे झाल्यावर खानदेशाकडून त्या मार्गानें मुंबईस येणारा माल कल्याण, दिवा, ठाणें ह्याच रुळांवरून येई. तुर्कस्थानांत तें तेल लिंबाचा रस घातलेल्या पाण्यांत घुसळून, उन्हांत ठेवून, त्याचा उग्रपणा घालवीत. आणि मग तें अत्यंत मोलवान् अशा गुलाबाच्या अत्तरांत मिसळीत. विकणाऱ्या आदिवासीस वा भट्टीवाल्यास ह्याची वार्ताहि नसे. याकोब्सेन ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८७१ मध्यें रोशाच्या तेलांतून ‘जिरॅनिऑल’ नांवाचें द्रव्य वेगळें केलें, आणि तेंच द्रव्य गुलाबांतहि असल्यामुळें नाक फसतें कां ह्याचा उलगडा झाला. मुंबईस राहून येथील औषधींचा अभ्यास करणाऱ्या विल्यम डिमॉकनें वॉर्डन व हूपर ह्यांच्यासह १८९० ते १८९३ ह्या काळांत जो मोठा औषधिग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पाच आणि रोशा ह्या दोहोंचाहि विचार आहे.

आतां पाचेचें तेल निघतें कसें तें पाहूं. रोप लावल्यावर पांच-सहा महिन्यांनीं पहिली कापणी होते. पाला उन्हांत टाकीत नाहींत. सावलींत पसरून, वरचेवर उलटून तो वाळवितात व थोडा मुरूं देतात. मग मोठ्या बंद भांड्यांत तो भरून खालून पाण्याची वाफ सोडतात. वाफ पानांतील तेल घेऊन नळींतून बाहेर पडते, थंड झाली म्हणजे तिचें पाणी होतें आणि तेल वेगळें होतें. शंभर किलो वाळलेल्या पाल्यांतून साधारण दोन ते तीन किलो तेल हातीं लागतें. भांडें लोखंडी असेल तर तेल काळपट, न गंजणाऱ्या पोलादाचें असेल तर फिकट. बहुतेक सुगंधी तेलें जुनीं झालीं कीं बिघडतात. पाचेचें तेल मात्र मुरलेल्या लोणच्याप्रमाणें कालानें सुधारतें.

ह्या तेलानें रसायनशास्त्रज्ञांचीहि परीक्षा पाहिली. त्यांतील मुख्य द्रव्य, ज्याला ‘पॅचुलॉल’ म्हणतात, तें गाल ह्या शास्त्रज्ञानें १८६९ मध्येंच अभ्यासिलें होतें. परंतु त्याच्या कणाची रचना ठरावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १९६१ सालीं ब्यूखी व त्यांचे सहकारी ह्यांनीं ती रचना जाहीर केली, आणि पुढल्या वर्षीं त्या आराखड्याप्रमाणें तें द्रव्य प्रयोगशाळेंत बनवूनहि दाखविलें. बनलेलें द्रव्य नैसर्गिक द्रव्याशीं तंतोतंत जुळलें. ह्याहून मोठा पुरावा तो कोणता? परंतु १९६३ मध्यें क्ष-किरणांनीं तपासणी झाली तेव्हां कळलें कीं आराखडाच चुकला होता. तो आराखडा ज्या क्रियेवरून ठरविला होता तींत कणाची मांडणी आपोआप फिरत होती, आणि तें द्रव्य बनवितांना ती पुन्हां उलट फिरली. दोन चुकांनीं एकमेकींना झांकलें होतें. विशेष हें कीं, चूक दाखविणाऱ्या लेखावर स्वतः ब्यूखींचेंहि नांव आहे. पाचेनें शाल घेणाऱ्यांना फसविलें तसें पंडितांनाहि चकविलें. पण पंडितांनीं चूक कळतांच ती उघडपणें मान्य केली. व्यापार आणि शास्त्र ह्यांच्यांत भेद आहे तो एवढाच.

हिंदुस्थानांत ह्या तेलाची लागवड पद्धतशीरपणें करण्याचा प्रयत्न टाटा ऑईल मिल्सनें १९४२ च्या सुमारास केला. पाचेला दमट हवा, सावली आणि निचऱ्याची जमीन लागते. म्हणून दक्षिणेंतील डोंगराळ भाग तिला मानवतो. लागवड होत राहिली, परंतु देशाची गरज तेवढ्यानें भागत नाहीं, आणि पुष्कळसें तेल बाहेरूनच आणावें लागतें. ज्या देशानें पानाचा वास जगाला दाखविला त्यानें तेलाची आयात करावी, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा. मात्र सुगंध तयार करण्याच्या विद्येंत मराठी माणूस मागें राहिला नाहीं. १९२२ सालीं मुंबईंत स्थापन झालेली केळकरांची पेढी पुढें मुलुंडास मोठी झाली. दिव्याहून तें ठिकाण गाडीनें अर्ध्या तासाच्याहि आंत आहे. मुलुंडच्याच केळकर-वझे महाविद्यालयांत सुगंधद्रव्यें व प्रसाधनें ह्या विषयाचा अभ्यासक्रम चालविला गेला. उदबत्ती, साबण, अत्तर ह्यांच्या धंद्यांत पाचेचें तेल ही अजूनहि मोलाची वस्तु आहे.

तें मोलाचें कां, ह्याचें उत्तर तिच्या मंद स्वभावांत आहे. लिंबा-संत्र्याचा वास घटकाभरांत उडून जातो, फुलांचा कांहीं तासांत. पाचेचें तेल जड असल्यामुळें सावकाश उडतें, आणि आपल्या सोबतच्या हलक्या वासांनाहि धरून ठेवतें. अत्तरवाले ह्याला आधाराचा वास मानतात. हा तिचा पहिला, निर्विवाद उपयोग. दुसरा उपयोग तोच, ज्यासाठीं शालींत पानें घातलीं गेलीं : कांहीं किडे ह्या वासापासून दूर राहतात, असें अलीकडील प्रयोगांतहि दिसून आलें आहे. वाळवीवर तेलाचा आणि पॅचुलॉलचा परिणाम होतो. डांस मात्र न पातळ केलेल्या तेलानेंच दूर राहतात, आणि तेहि थोडा वेळ. म्हणजे जुन्या लोकांचा अनुभव येथें खोटा नव्हता.

तिसरा उपयोग औषधाचा, आणि येथें सावध राहिलें पाहिजे. चीनच्या जुन्या वैद्यकांत ही वनस्पति ओकारी, मळमळ आणि पावसाळी बिघडलेलें पोट ह्यांवर इतर औषधींसह देतात. पण ती देतात ती पाल्याच्या काढ्याच्या रूपानें, निव्वळ तेलाच्या नव्हे. प्रयोगशाळेंतील काचपात्रांत हें तेल कांहीं बुरशींना व जंतूंना आवरतें, हेंहि खरें. परंतु काचपात्रांत जें घडतें तें माणसाच्या अंगावर घडेलच असा नियम नाहीं. आणि बाटलीवर छापलेल्या गुणांपैकीं झोंप, उदासी, केस वगैरेंबद्दल माणसांवर पुरेशा काटेकोर कसोट्या झालेल्या नाहींत. वासानें मनाला बरें वाटतें, एवढें म्हणावयास हरकत नाहीं. बरें वाटणें आणि बरें होणें ह्यांत अंतर आहे. ज्या घरांत आजारी मूल किंवा म्हातारें माणूस आहे त्या घरानें हें अंतर विसरतां कामा नये. एरवीं बाटलीवर विसंबून वैद्याकडे जाण्यास उशीर होतो, आणि तो उशीर महाग पडतो.

वापरावयाचें तर कांहीं साधे नियम आहेत. हें तेल पोटांत घेऊं नये. अंगाला लावावयाचें असल्यास खोबरेल किंवा तिळेल ह्यांत, शंभर थेंबांना एक-दोन थेंब ह्या बेतानें, मिसळून आधीं मनगटाच्या आंतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावें. खाज अगर लाली आली तर सोडून द्यावें. डोळ्यांजवळ नेऊं नये आणि बाटली मुलांच्या हातीं लागेल अशी ठेवूं नये. खरेदींतहि जपावें. ह्या तेलांत गर्जन तेल, देवदाराच्या जातीचीं तेलें, एवढेंच काय साधीं खाद्यतेलें मिसळण्याचा प्रघात जुना आहे. आज शास्त्रीय उपकरणें भेसळ नेमकी दाखवितात, पण तीं गृहिणीच्या हातीं नसतात. तिनें निदान वनस्पतीचें पूर्ण नांव, उत्पादक आणि तारीख छापलेली बाटलीच घ्यावी, आणि भाव फार स्वस्त असला तर त्यालाच इशारा समजावें.

पुढें ह्या वासाचें काय होईल? १९६० नंतरच्या दशकांत पश्चिमेकडील तरुणांनीं हिंदुस्थानाची आठवण म्हणून तो अंगावर मिरविला. २०१४ पासून साखर आंबवून, सूक्ष्म जीवांकरवीं, पाचेसारखें सुगंधी द्रव्य बाजारांत येऊं लागलें आहे. त्यास त्याच्या खऱ्या नांवानें विकलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. नक्कल वाईट नसते. नकलेनें अस्सलाचें नांव सांगणें वाईट. पेझलीच्या मागावरील शाल पेझलीची म्हणून विकली असती तर ती एक चांगली स्वस्त शाल ठरली असती.

ज्या मुलखांतला तपकिरी धूप मार्को पोलोनें नोंदला, त्या मुलखांत आज घराघरांच्या खिडक्यांतून कुंड्या टांगलेल्या दिसतात. तुळशीशेजारीं एका कुंडींत पाचेची फांदी खोंचली तर ती बहुधा जीव धरते. बीं लागत नाहीं, कलम लागत नाहीं. तिचीं चार पानें सावलींत वाळवून लोंकरीच्या कपड्यांत ठेवावीं, दोन वेणींत माळावीं. तेवढ्या कामाची तिची साक्ष दोनशें वर्षांच्या अनुभवानें खरी ठरली आहे. त्याहून अधिक जें तिच्या नांवावर सांगितलें जाईल, तें मात्र नाकानें नव्हे, पुराव्यानें पारखून घ्यावें.